दहा लिटरच्या डब्यात किती वॉट मावतात?

मागच्या अंकात एका उत्तरात छोट्या कॅबिनेटमधल्या गेमिंग पीसीचा नुसता उल्लेख झाला आणि या महिन्यात निम्मे प्रश्न त्याचेच आले. बरेचसे सारखे होते ते एकत्र केलेत. भाव मात्र मी इथं लिहीत नाहीये, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जसे पळाले त्यानंतर छापलेल्या भावाला काही अर्थच उरला नाही, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो बदललेला असतो.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात मानेवाड्यात राहतो. रूम दहा बाय दहाची, टेबलावर मोठा टॉवर मावत नाही. फ्रॅक्टल टेरा हे कॅबिनेट लय आवडलं आहे, त्यात रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड टाकायचं डोक्यात आहे. बर्डीवरचा दुकानदार म्हणते, भाऊ मोठं कॅबिनेट घे, यात आग लागन. तो खरं बोलून राहिला का पडून असलेला माल खपवून राहिला, काही समजून नाही राहिलं.

दोन्ही असू शकतं न भाऊ. आग वगैरे काही लागत नाही, गरम झालं की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःच स्पीड कमी करतात आणि तरी भागलं नाही तर पीसी बंद पडतो. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते काय ते सांगतो.

टेरा १०.४ लिटरचा. म्हणजे केवढा, तर पहिला प्लेस्टेशन ५ जवळपास तेवढाच भरतो (३९० गुणिले २६० गुणिले १०४ मिलिमीटर, करून बघा). नेहमीचा मिड टॉवर चाळीस-पन्नास लिटरचा असतो. एवढं सगळं दहा लिटरमध्ये बसवायचं तर खरेदीचा क्रम उलटा करावा लागतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये आपण आधी कार्ड घेतो, मग बाकीचं, आणि शेवटी जे दिसायला बरं ते कॅबिनेट. इथं आधी कॅबिनेटचं मॅन्युअल डाऊनलोड करायचं, टेप घेऊन बसायचं आणि मग कार्डाचं नाव काढायचं.

टेरात मधला पत्रा सरकतो. एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड, दोघांच्या पाठी एकमेकांना लागून. पत्रा इकडं सरकवला की प्रोसेसरवरच्या (सीपीयू) कूलरला जागा, तिकडं सरकवला की कार्डाला. कार्ड ४३ मिमी जाड असेल तर सीपीयू कूलर ७७ मिमी उंच चालतो, कार्ड ७२ मिमीचं घेतलं तर कूलरला उरतात ४८. बेरीज १२०, ती काही बदलत नाही. तुम्ही तीन पंख्यांचं जाडजूड ५०७० उचललं तर ७८००एक्स३डीच्या डोक्यावर बिस्किटाच्या पुड्याएवढा कूलर बसंल, आणि नागपुरात तो मार्चमध्येच हात टेकतो.

म्हणून कार्ड जाडी बघून घ्या. एनव्हिडियानं २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी एक माप ठरवलं, लांबी ३०४ मिमीच्या आत, उंची १५१ मिमीच्या आत केबलच्या वळणासकट, आणि जाडी ५० मिमीच्या आत. कार्डाच्या पेजवर 'एसएफएफ रेडी' असं लिहिलेलं दिसतं. ते बघून कार्ड निवडा, तरी आकडे मॅन्युअलशी ताडाच, कारण दहा लिटरच्या सगळ्याच डब्यांत ते पूर्ण माप बसेल असं नाही. कार्ड ५० मिमीचं ठरलं की कूलरला ७० उरतात, त्यात थर्मलराइटचा एएक्सपी१२०-एक्स६७ बसतो, ६७ मिमीचा. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस बरोब्बर ७० चा आहे, कागदावर बसतो, पण एवढं घासून मी तरी घेणार नाही. हे कूलर हवा खाली बोर्डवर मारतात आणि रॅमवर लोंबतात, म्हणून रॅम बुटकी घ्या, वर कंगवे आणि लाइटा असलेली नाही.

बोर्ड मिनी-आयटीएक्स लागेल, १७० बाय १७० मिमी. हे माप काही नवीन नाही, व्हिया कंपनीनं २००१ मध्ये आणलं, तेव्हा गेमिंग कोणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात. "आत्ता सोळा जीबीची एक काडी टाकतो, दिवाळीला दुसरी घेतो" हे जमतं, पण "आत्ता आठ-आठच्या दोन टाकतो, पुढं वाढवू" हे नाही जमत, दोन्ही काढून फेकाव्या लागतात. परवडत असेल तर सोळा-सोळाची जोडी एकदाच घेऊन टाका.

पॉवर सप्लाय एसएफएक्स म्हणजे छोट्या मापाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा. ७५० वॉटचा गोल्ड (कमी वीज वाया घालवणारा दर्जा) घ्या. ५०७० चे २५० वॉट, ७८००एक्स३डीची पाटी १२० ची असली तरी गेममध्ये तो साधारण साठ-सत्तर खातो, बाकी किरकोळ, म्हणजे सगळं मिळून चारशेच्या आत राहता. मग ७५० कशाला? कार्ड क्षणभरासाठी बरंच जास्त ओढतं आणि सप्लाय निम्म्या लोडवर चालला की त्याचा पंखा शांत राहतो. छोट्या डब्यात तो पंखा कानाच्या फूटभर अंतरावर असतो हे विसरू नका. आणि कार्डाला जाणारी ती १६ पिनांची केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्या, मग वळवा. साइड पॅनल दाबून बसवायला लागत असेल तर थांबा, ती केबल दबून राहिली आहे.

आता दुकानदाराचा मुद्दा. यूट्यूबवर जे आकडे बघता ते वीस-बावीस डिग्रीच्या खोलीतले असतात. हिशोब साधा आहे : खोली जेवढी डिग्री तापली, जवळपास तेवढाच सीपीयू आणि कार्ड वर सरकतं. व्हिडिओत खोली २२ आणि सीपीयू ७४ दाखवला असेल तर तुमच्या मानेवाड्याच्या वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापलेला, रात्री दहाला खोली ३७ असेल तर तोच सीपीयू ८९ ला जातो. आणि ७८००एक्स३डीची कमाल मर्यादा आहे ८९. म्हणजे व्हिडिओतला माणूस आरामात आणि तुम्ही काठावर, सामान तेच.

माझं मत विचाराल तर, रूममध्ये एसी असेल तर टेरा घ्या खुशाल. नसेल तर १८ लिटरच्या वर्गात या, कूलर मास्टरचा एनआर२०० वगैरे. त्यात १५५ मिमीपर्यंत उंच टॉवर कूलर बसतो, ३३० मिमीचं कार्ड बसतं, खालून दोन पंखे हवा आत घेतात आणि वरून दोन बाहेर फेकतात. टेबलावर तो टेरापेक्षा थोडाच जास्त पसरतो, पण मे महिन्यात फरक जाणवतो. दुकानदाराचं चाळीस लिटरचं कॅबिनेट मात्र काही घेऊ नका, त्याचं त्यालाच ठेवू द्या.

प्रश्न : कॅबिनेट घेऊन झालं आहे, अकरा लिटरचं, परत करता येत नाही. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. आता नवतपा (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) येऊन राहिला. काय करू? कूलरसमोर पीसी ठेवला तर चालतं का? — हुडकेश्वर

समोर नका ठेवू. कूलरची हवा थंड असते हे खरं, मे महिन्यात आपल्याकडं हवा एवढी कोरडी असते की चांगल्या ओल्या वाळ्याच्या ताट्या खोली सहज आठ-दहा डिग्रीनं खाली आणतात आणि तेवढाच पीसी पण थंड राहतो. अडचण त्या हवेतल्या बारीक थेंबांची आहे. ताट्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा खर साचतो न, बोअरच्या पाण्याचा, तोच थेंबांबरोबर उडून कार्डाच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो. तिथं धूळ चिकटली की ब्लोअरनं पण निघत नाही. कूलर खिडकीत, पीसी झोताच्या बाजूला, खोलीची दुसरी खिडकी किंवा दार थोडं उघडं, असं ठेवा. पावसाळा लागला की कूलरचा तसाही उपयोग नाही, नुसता दमटपणा.

खरा इलाज मात्र वॉट कमी करणं. त्याचा एक मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणं, याला अंडरव्होल्ट म्हणतात आणि लोक उगाच घाबरतात. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन विकते, कारण लाखो चिपांतली सगळ्यात रडकी पण चालली पाहिजे. तुमची बहुतेक तेवढी रडकी नसते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, आणि कर्व्हच्या (कोणत्या स्पीडला किती व्होल्टेज, त्या आलेखाच्या) भानगडीत पडायचं नसेल तर नुसती पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० वर आणा. २५० वॉटचं कार्ड २०० वर येतं, फ्रेम (गेम सेकंदाला काढतो ती चित्रं) मात्र काही टक्केच पडतात, खेळताना कळत पण नाही. कर्व्ह जमला तर तेवढेही पडत नाहीत. रायझनला बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कमी वॉटचा इको मोड असतो. १०५ वॉटवाला ७७००एक्स बोर्डवरच्या सॉकेटमधून १४२ पर्यंत ओढतो, ६५ च्या इको मोडमध्ये तो ८८ वर अडवला जातो आणि गेममध्ये फरक शोधावा लागतो. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरनं व्होल्टेज उतरवत असाल तर थोडं थोडं उतरवा आणि प्रत्येक वेळी तासभर खेळून बघा, कारण ते अस्थिर झालं तर लगेच नाही सांगत, नेमकं सेव्ह करायच्या आधी रिस्टार्ट मारतं.

याशिवाय फ्रेम लॉक करा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा, आणि गेम २३० फ्रेम काढून राहिला, तर वरच्या ८६ फ्रेम कोणासाठी? त्यांची उष्णता मात्र तुमच्या खोलीत.

धूळ दर पंधरवड्यानं. सिमेंट रोडची कामं चालू असतील तर आठवड्यानं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लावतं.

बाकी सेन्सरवर आंधळा विश्वास पण नको. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी शहरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवले, टीव्हीवाल्यांनी दिवसभर चालवलं, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तुमचा सीपीयू बसल्या बसल्या ११० दाखवून राहिला असेल तर आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.

प्रश्न : सँडविच टाइपचं (बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ) कॅबिनेट आहे, कार्ड रायझर केबलवर, म्हणजे बोर्डला जोडणाऱ्या लांब पट्टीवर. नवीन ५० सिरीजचं कार्ड लावलं तर स्क्रीन काळी, पंखे फिरतात. जुनं कार्ड लावलं की चालू. दुकानदार म्हणतो कार्ड डेड. — जरीपटका

कार्ड बहुतेक ठणठणीत आहे, परत पाठवायची घाई नका करू. बोर्ड आणि कार्ड ज्या जोडणीनं बोलतात त्या पीसीआय एक्सप्रेसची ५० सिरीजची कार्डं ५.० ची आहेत, तुमची रायझर केबल ४.० ची असणार, किंवा स्वस्तातली ३.० ची. बोर्ड ऑटोवर असला की तो कार्डाशी ५.० च्या वेगानं बोलायला जातो, मधल्या केबलला तो वेग झेपत नाही आणि दोघंही गप्प बसतात. जुनं कार्ड लावा, किंवा प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर एचडीएमआय बोर्डला लावा, बायोसमध्ये जाऊन पहिल्या स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ४ (म्हणजे ४.०) करा, सेव्ह करा, मग नवीन कार्ड लावा. तरी काळी असेल तर जेन ३ करून बघा. वेग कमी केला म्हणून गेमच्या फ्रेम फारशा पडत नाहीत, जेन ४ ला तर फरक मोजावाच लागतो.

त्यानं पण नाही झालं तर कार्ड बाहेर काढून सरळ बोर्डवर लावून बघा, टेबलावर पुठ्ठा ठेवून, कॅबिनेटशिवाय. तिथं चाललं तर केबल बदला. तिथं पण नाही चाललं तर मग दुकानदार बरोबर. पक्कं बिल घेतलं होतं न?

प्रश्न : मुलगा पुण्याला शिकतो, सुट्टीत पीसी घेऊन नागपूरला येतो म्हणतो, रेल्वेनं. छोटा आहे म्हणून सॅकमध्ये मावतो म्हणे. खराब नाही का होणार? — त्रिमूर्तीनगर

काका, सॅकमध्ये मावतो हे खरं आहे, दहा-बारा लिटर म्हणजे तेवढंच. कार्ड पत्र्याला समांतर, दोन्हीकडून धरलेलं असेल तर धक्के चांगले सोसतं. उभा टॉवर कूलर असेल तर मात्र तो काढून वेगळा गुंडाळून न्यायला सांगा, पाऊण-एक किलोचं धूड बोर्डावर आडवं लटकून बारा-पंधरा तास हलत राहिलं तर बोर्डाला ताण येतो. परत लावताना थर्मल पेस्ट नवीन लागते, त्याची छोटी ट्यूब बरोबर ठेवू द्या. काच असेल तर ती कपड्यांच्या घडीत. आणि बॅग वरच्या बर्थवर नको, खालच्या बर्थखाली, साखळी लावून.

प्रश्न : एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा गेमिंग लॅपटॉप काय वाईट?

रोज उचलून न्यायचा असेल तर काहीच वाईट नाही, लॅपटॉपच घ्या. फक्त नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०९० म्हणजे डेस्कटॉपचं ४०९० नव्हे, त्यात डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप आहे आणि ती जास्तीत जास्त १७५ वॉटवर चालते, डेस्कटॉपच्या ४०९० ला ४५० मिळतात. शिवाय तीन वर्षांनी कार्ड बदलता येत नाही. छोट्या पीसीत येतं, मापात बसलं तर.

प्रश्न : महालात आमचं जुनं घर आहे. ॲल्युमिनियमचं कॅबिनेट आहे, त्याला हात लावला की झिणझिण्या येतात, विशेषतः अनवाणी असलो की. पॉवर सप्लाय खराब आहे का?

सप्लाय नाही, घराची अर्थिंग बघा, आणि आजच बघा. प्रत्येक चांगल्या सप्लायमध्ये विजेतला गोंगाट (नॉइज) गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा करंट अर्थच्या वायरनं जमिनीत जातो. वायर नुसती सॉकेटपर्यंत येऊन पुढं कुठंच जोडलेली नसेल (जुन्या घरांत हे नेहमीचं आहे, तिसरं भोक नुसतं शोभेला) तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं आणि मग तुम्ही अर्थ होता. प्लास्टिकचा मुलामा असलेल्या मोठ्या टॉवरवर हे लक्षात येत नाही, उघड्या ॲल्युमिनियमवर लगेच कळतं. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा, फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत यायला पाहिजे. नाही आलं तर नवीन अर्थिंग करून घ्या. कोणी न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, न्यूट्रल कधी तुटली तर आख्ख्या कॅबिनेटला फेज येईल.

प्रश्न : लाइट सारखी जाऊन राहिली, जुना ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का?

नाही. ६०० व्हीए म्हणजे खरे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस पीसीच्या आधी पडतो. ११०० व्हीएचा घ्या, आणि त्यावर पण खेळत बसू नका, सेव्ह करून बंद करा.

प्रश्न : पोट्टं म्हणते, डबा छोटा आहे म्हणून वीज पण कमी लागते. खरं काय ते सांगा. — एक आई, धरमपेठ

नाही हो ताई, डब्याचा आणि विजेचा काही संबंध नाही, आत काय भरलं आहे त्यावर सगळं. तेच कार्ड, तोच प्रोसेसर असेल तर चार लिटरमध्ये घाला नाही तर पन्नासमध्ये, मीटर तेवढाच फिरणार. चारशे वॉटचा पीसी रोज चार तास पूर्ण जोरात चालला तर महिन्याला ४८ युनिट. त्यात मॉनिटर नाही धरला, त्याचे तीस-चाळीस वॉट वेगळे. आणि हे चारशे वॉट सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत येतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो, त्यातला नववा हिस्सा एकटा हा डबाच खातो, म्हणजे एसीचं बिल पण थोडं वाढतं. वरच्या उत्तरातली ८० टक्क्यांची पट्टी त्याला लावायला सांगा, ४८ चे साधारण ४२ होतील आणि त्याला कळणार पण नाही.